दारूवरील उतारे

घरांत एखादा मद्यपी असला कीं घरचीं माणसें एकच विचारतात: याला कोणता उपाय लागू पडेल? या प्रश्नाला दीडदोन शतकांचा इतिहास आहे.

१८४० सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं सहा मद्यपी गुत्त्यांतच जमले आणि त्यांनीं मद्यत्यागाची शपथ घेतली. वैद्य नाहीं, औषध नाहीं. सभेंत उभें राहून आपली कहाणी सांगावयाची नि दुसऱ्याची ऐकावयाची, एवढाच उपचार. ही वॉशिंग्टनियन चळवळ झपाट्यानें पसरली आणि थोड्याच वर्षांत ओसरलीहि.

१८७९ सालीं इलिनॉय प्रांतांतील ड्वाइट या लहानशा गांवीं डॉ. लेस्ली कीली यांनीं नेमका उलट मार्ग धरला. सोन्याच्या क्षाराचें आपलें औषध हें व्यसन समूळ उपटतें, असा त्यांचा दावा होता. चार आठवडे मुक्काम. दिवसांतून चार वेळां रांगेंत उभें राहून सुई टोचून घ्यावयाची. औषधाची कृति गुप्त, आणि त्यांत सोनें होतें कीं नाहीं याविषयींच इतर डॉक्टरांना संशय! तरीहि बरे झाल्याचें सांगणारे पुष्कळ निघाले. मला वाटतें, गुण सुईपेक्षां त्या रांगेचा असावा. घरीं जें बोलावयाची लाज, तें तेथें शेजारच्यापाशीं बोलतां येई. ड्वाइटहून परतलेल्यांनीं पुढें आपले संघहि काढले.

खरें औषध आलें तें डेन्मार्कमधून. जंतांवरील औषध म्हणून डायसल्फिरम स्वतःवर अजमावीत असतां हाल्ड व याकोबसेन यांना दिसलें कीं, तें घेऊन मद्य प्यालें तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळून येतें. हा शोध १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. गोळी पहारेकरी खरी. पण ती गिळावयाची कीं नाहीं हें पिणाऱ्यानेंच ठरवावयाचें. कांहीं घरांतून ती चोरून आमटींत कालवितात. तें जिवावर बेतूं शकतें. डॉक्टरांवांचून आणि रुग्णाला न कळवितां ती कदापि देऊं नये.

१९९७ सालीं अमेरिकेंत १७२६ रुग्णांवरील एका मोठ्या तुलनेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. संवादाचे तीन भिन्न उपचार. कोणता कोणाला मानवतो हें पाहावयाचें होतें. तिन्हींचे गुण जवळजवळ सारखेच आले, नि तज्ज्ञांचे बहुतेक अंदाज चुकले!

पुण्यांत १९८६ सालीं मुक्तांगण सुरू झालें. व्यसनांतून सुटलेले कितीतरी रुग्ण पुढें तेथेंच नव्यांच्या शेजारीं बसूं लागले.