तळटीप : मिलग्रॅमचा प्रयोग

* लेखकाने हा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे. पण प्रयोगाची रचना कळल्याशिवाय त्यावरचा आक्षेप कळत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९६१-६२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात स्मरणशक्तीच्या अभ्यासाच्या नावाखाली माणसे बोलावली. पलीकडच्या खोलीतला ‘विद्यार्थी’ चुकला, की सहभागी ‘शिक्षका’ने त्याला विजेचा धक्का द्यायचा, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत, ३० पायऱ्यांनी चढता. धक्के खोटे होते, विद्यार्थीही सामील होता. पहिल्या निबंधात (१९६३) ४० पैकी २६ जण शेवटच्या कळीपर्यंत गेले. हाच आकडा सर्वत्र सांगितला जातो. मला मात्र प्रयोगाचे खरे बळ पुढच्या फेरबदलांत दिसते : विद्यार्थी त्याच खोलीत बसवला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी १६ उरले, प्रयोगकर्त्याने पुढे जाण्याच्या सूचना फोनवरून दिल्या तेव्हा जेमतेम पाचवा हिस्सा.

पण घाम फुटलेली, थरथरणारी माणसे समोर असताना प्रयोग चालूच राहिला. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६४ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. बहुतेक सहभागींनी नंतर समाधान कळवले, हे मिलग्रॅम यांचे उत्तर मला पटत नाही. मागाहून आलेली पसंती म्हणजे आधी घेतलेली संमती नव्हे. शिवाय धक्के खोटे होते, हे अनेकांना त्या दिवशी सांगितलेच नव्हते.

जेरी बर्गर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुनरावृत्तीत प्रयोग १५० व्होल्टलाच थांबवला. मिलग्रॅमकडे त्यापुढे गेलेले बहुतेक जण शेवटपर्यंत गेले होते, त्यामुळे पुढचा छळ टाळूनही तुलना करता आली. — संपादक