जेरघाट (पांढुर्णा-सौंसर)

जेरघाट : छिंदवाडा प्रदेशातील सातपुड्याच्या घाटाखालचा सखल मुलूख. मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हा भाग साधारणपणे यात येतो. फारसी ‘जेर’ म्हणजे खाली. शत्रूला ‘जेर’ करतात तो हाच शब्द. घाटावरच्या पठाराला बालाघाट म्हणत (त्या नावाचा जिल्हा वेगळा). वऱ्हाडातही बालाघाट-पायनघाट अशी जोडी आहे. जेरघाटाची जमीन काळी, पीक कापूस-ज्वारीचे आणि आता संत्र्याचेही, बोली मराठी व पवारी. घाट चढला की माती बदलते आणि बोलीही. इथला इतिहास वाचताना हा उतार ध्यानात ठेवावा.

देवगड : गोंड राज्याची गादी. हा किल्ला घाटावर असला तरी त्याची सत्ता खालच्या मैदानावर चाले. येथील राजा जाटबा याचा उल्लेख ‘आईन-इ-अकबरी’त आहे. बख्त बुलंद या राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले. पुढे गादीवरून घरात तंटा झाला, तो मिटवायला मराठा सरदार रघूजी भोसले आले आणि राज्यच त्यांच्या हाती गेले. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले, तेव्हा महादेवाच्या डोंगरांतील गोंड सरदारांनी त्यांना आसरा दिला.

खालसा : संस्थान सरकारच्या ताब्यात घेणे; इथे सबब वारस नसल्याची. तिसरे रघूजी 1853 मध्ये वारले आणि 1854 मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि नागपूर-वऱ्हाडच्या कपाशीला भाव आला.

मालगुजारी : विद्यार्थी ही संज्ञा सर्रास ‘जमीनदारी’ म्हणून लिहितात, ते बरोबर नाही. भोसलेकाळात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा पाटील जमिनीचा मालक नव्हता. इंग्रजांनी 1860 च्या दशकातील जमाबंदीत अशा सारा भरणाऱ्यांना गावाची मालकीच बहाल केली. वसुली करणारा धनी झाला. त्याची घरची राखीव जमीन ती ‘सीर’. कुळाचा हक्क मात्र सरकारी कागदावर ठरे. 1950 च्या कायद्याने ही पद्धत रद्द होऊन 1951 मध्ये मालकी सरकारकडे आली.

राज्यपुनर्रचना : 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे 8 जिल्हे मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा अख्खा जिल्हा म्हणून मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर मराठी जेरघाटही. राजधानी नागपूरची भोपाळ झाली. बाजार, सोयरिक आणि दवाखाना यांसाठी लोक नागपूरलाच जात राहिले.

गोटमार : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा व सावरगाव यांच्यात होणारी दगडफेक. पळून जाणाऱ्या प्रेमी युगुलाची कथा तिच्यामागे सांगतात. ती लोककथा आहे, तिला इतिहासाचा पुरावा मानू नये. जखमी होणारे मात्र दरवर्षी खरेच असतात.

पांढुर्णा जिल्हा : 5 ऑक्टोबर 2023 रोजी छिंदवाड्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमदानीत पांढुर्णा हे सौंसर तहसिलीतले गाव होते. आता सौंसर पांढुर्णा जिल्ह्यात आहे.