हे अंडं आधीच बुक आहे!

कामोठ्यात रसवंतीवर उसाचा रस पिताना ट्रायकोकार्ड कुणाला आठवत नाही. पण उसाच्या फडात पानाखाली या कार्डाचे तुकडे टाचतात. एका कार्डावर तांदळात होणाऱ्या पतंगाची सुमारे 20 हजार अंडी असतात. त्यांत ट्रायकोग्रामा ही मिलिमीटरहून लहान गांधीलमाशी वाढत असते. बाहेर पडलेली मादी खोडकिडीच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते आणि कीड जन्माआधीच संपते.

आता इतिहास. 1937 साली केंब्रिजच्या जॉर्ज सॉल्ट यांनी दाखवलं, की दुसरी मादी ज्यावरून चालून गेली ते अंडं ही टाळते. कारण, मागे राहिलेला वास! अंडी पाण्यानं धुतली की ती फसते, नळी आत खुपसते. पण आत कुणीतरी आहे हे कळलं, की बरेचदा अंडं न घालताच मागे फिरते.

पण माद्या जास्त आणि अंडी कमी पडली तर? मग ती वापरलेल्या अंड्यातही घालते. अन्न तेवढंच, खाणारी तोंडं जास्त. पुढची पिढी खुजी, दुबळी निघते.

म्हणून आपल्याकडच्या प्रयोगशाळांत माश्यांच्या एका कार्डामागे ताज्या अंड्यांची सहा कार्डं ठेवतात. मला तरी वाटतं, फडातली अर्धी लढाई या 6:1 च्या हिशेबातच जिंकली किंवा हरली जाते.