हितसंघर्ष, जैववैद्यकीय संशोधनातील

सहभागी व्यक्तीची सुरक्षितता आणि निष्कर्षांचा खरेपणा ही संशोधकाची मुख्य कर्तव्ये होत. पैसा, पेटंट, बढती, कीर्ती अशा दुय्यम हितामुळे याबाबतचा निर्णय झुकण्याची शक्यता असली, की हितसंघर्ष मानतात. प्रत्यक्ष लबाडी घडलेली असावी लागत नाही.

महाराष्ट्रातील जुने उदाहरण प्लेगच्या लसीचे. वॉल्डेमार हाफकिन यांनी ती मुंबईत तयार केली, 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली व त्याच महिन्यात भायखळा तुरुंगातील कैद्यांना दिली. लस करणारा आणि तिचा गुण सांगणारा एकच. पुढे भारतीय प्लेग आयोगाने आकडेवारी स्वतंत्रपणे तपासून उपयोग मान्य केला, मात्र संरक्षण पूर्ण नसल्याचेही नोंदवले. हितसंघर्षावरचा खरा उतारा हाच, दुसऱ्याची तपासणी. हितसंबंधांचे नुसते प्रकटन अपुरे पडते.

आज भारतात चाचण्यांची अशी तपासणी नैतिकता समिती करते. 2019 च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार या समितीत किमान 7 सदस्य, त्यांपैकी निम्मे संस्थेबाहेरचे, आणि अध्यक्षही बाहेरचा असतो. हितसंबंध असलेला सदस्य अध्यक्षांना लेखी कळवून बैठकीतून बाहेर पडू शकतो. त्याची नोंद इतिवृत्तात होते. बाहेर पडणे ‘स्वेच्छेने’ आहे, ही नियमातील कच्ची बाजू. संस्थेचाही हितसंघर्ष असू शकतो. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या लसीच्या प्रकल्पाबाबत संसदीय स्थायी समितीने 2013 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्याच भूमिकेवर बोट ठेवले.

अमरावती जिल्ह्यातील मोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी प्रश्न कंपनीच्या पैशापेक्षा भिडेचा अधिक. उपचार करणारा डॉक्टरच संशोधक असला, तर ‘डॉक्टरसाहेबांना नाही कसं म्हणावं’ म्हणून रुग्ण सही करतो. अशा वेळी संमती उपचाराशी संबंध नसलेल्या व्यक्तीने घेणे इष्ट. चाचणीच्या ठिकाणी स्वतःची समिती नसल्यास त्याच शहरातील किंवा 50 किलोमीटर त्रिज्येतील समितीची मान्यता चालते. अमरावतीहून मोर्शी सडकेने साधारण तेवढीच दूर असल्याने त्रिज्या कशी मोजायची, हा तिथे नुसता पुस्तकी मुद्दा नाही.

पैशाच्या हितसंघर्षाचे उदाहरण परदेशातले: अमेरिकेत 1999 मध्ये जेसी गेल्सिंगर या तरुणाचा जनुकोपचार चाचणीत मृत्यू झाल्यावर प्रमुख संशोधकाचे संबंधित कंपनीतील भागभांडवल चर्चेत आले.

भारतात चाचणीची पूर्वनोंदणी 15 जून 2009 पासून सक्तीची असून तीत प्रायोजक व निधीचा स्रोत द्यावा लागतो.