झाडे, पाऊस आणि तापलेली जमीन : एका प्रश्नाचा इतिहास

उपग्रह-प्रतिमांवरून भूपृष्ठाचे तापमान काढणे आणि त्याची वनस्पती-आच्छादनाशी सांगड घालणे हा भूगोल व पर्यावरणशास्त्राच्या विभागांत आता नित्याचा अभ्यासविषय झाला आहे. त्यामुळे हा प्रश्न उपग्रहांबरोबरच जन्माला आला, असा समज होतो. वस्तुतः त्याची मुळे किमान दोनशे वर्षे मागे जातात. मात्र जंगल तुटल्यावर जमीन किती तापते, असा प्रश्न त्या काळी विचारला जात नव्हता. जंगल तुटल्यावर पाऊस आणि पाणी कमी होते काय, असा तो विचारला जात असे. एका प्रश्नाकडून दुसऱ्याकडे झालेला हा प्रवास मुख्यतः पश्चिम भारताच्या संदर्भात पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

१८०० साली व्हेनेझुएलातील व्हॅलेन्सिया सरोवराची पातळी खालावलेली पाहून हम्बोल्टने त्याचा संबंध भोवतालच्या वृक्षतोडीशी जोडला. ही विचारसरणी ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय सेवेतील शल्यचिकित्सकांमार्फत हिंदुस्थानात रुजली. पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्यांपैकीच एक होत. कोकणातील डोंगर उघडे पडल्याने झरे आटतात व खाड्या गाळाने भरतात, असे ते सरकारला कळवीत राहिले. १८४७ मध्ये त्यांची मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८५१ मध्ये उष्ण कटिबंधातील वनविनाशाच्या परिणामांविषयीचा अहवाल ब्रिटिश असोसिएशनपुढे आला. पुढे १८६५ व १८७८ चे वनकायदे झाले. लाकडाची, विशेषतः आरमार व रेल्वेसाठी लागणाऱ्या लाकडाची गरज त्यांमागे होतीच. परंतु हवामानाचा युक्तिवाद त्या गरजेला नैतिक अधिष्ठान देत होता.

त्याची किंमत कोणी मोजली, हे विसरता येत नाही. कुमरी शेती करणाऱ्यांवर बंधने आली, गायराने राखीव वनांत गेली. १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले जंगलखात्यावर जो रोष व्यक्त करतात, तो याच अनुभवातून आला आहे. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर शेतात येऊन जमीन सुपीक होत असे, हे त्यांचे निरीक्षणही तितकेच महत्त्वाचे आहे. भू-आच्छादन आणि शेतजमीन यांचा संबंध त्यांनी शेतकऱ्याच्या बांधावरून पाहिला. गिब्सन यांनी तो सरकारी अहवालातून पाहिला.

भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८७ मध्ये मध्य प्रांतातील पर्जन्याच्या आकड्यांवरून, वनांना संरक्षण मिळाल्यावर पाऊस वाढल्याचे दाखविण्याचा प्रयत्न केला. थोड्या वर्षांच्या आकड्यांवर एवढा मोठा निष्कर्ष उभारणे कठीण होते, कारण मान्सून मुळातच वर्षागणिक बदलतो. तापमान तर या चर्चेत दुय्यमच राहिले. हवामान केंद्रावरील तापमापक पांढऱ्या झरोक्यांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असतो. तो हवेचे तापमान सांगतो. पेटीखालची माती तिच्याहून कितीतरी अधिक तापलेली असू शकते आणि त्याची नोंद त्यात होत नाही.

या मातीकडे शास्त्रीय लक्ष गेले ते पुण्यात, ही बाब आपल्याकडील अभ्यासकांनी फारशी ध्यानात घेतलेली नाही. १९३२ मध्ये पुण्यात कृषिहवामान शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख एल. ए. रामदास यांनी जमिनीलगतच्या तापमानाचा सूक्ष्म अभ्यास केला. निरभ्र, शांत रात्री सर्वांत कमी तापमान प्रत्यक्ष जमिनीवर नसून तिच्या किंचित वर आढळते, हे त्यांचे निरीक्षण आज ‘रामदास थर’ या नावाने ओळखले जाते. काळ्या मातीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला, तर तिचे दिवसाचे तापमान लक्षणीय उतरते, हेही त्यांच्या प्रयोगांत दिसले. पृष्ठभागाचा रंग, ओलावा आणि आच्छादन यांवर ऊर्जेची वाटणी ठरते. झाड असेल तर उन्हाच्या ऊर्जेचा मोठा भाग बाष्पोत्सर्जनात खर्ची पडतो. उघड्या कोरड्या जमिनीत तोच भाग माती व हवा तापविण्यात जातो. गिब्सन आणि ब्लॅनफर्ड यांच्या युक्तिवादात नेमका हाच दुवा नव्हता.

रामदास यांचे प्रयोग काही वाफ्यांपुरते होते. विस्तीर्ण प्रदेशाचे मोजमाप उपग्रहांमुळे साध्य झाले. १९७२ मध्ये लँडसॅट मालिका सुरू झाली. १९८२ व १९८४ मधील उपग्रहांवर औष्णिक अवरक्त पट्टा आला आणि २००८ मध्ये हे संचित सर्वांना विनामूल्य खुले झाले. तेव्हापासून महाविद्यालयीन प्रकल्पांत एक साचा रूढ झाला आहे : दोन वर्षांच्या प्रतिमा घ्यायच्या, हिरवळ घटलेली व तापमान वाढलेले दाखवायचे आणि शहरीकरणास दोष द्यायचा.

दख्खनच्या उन्हाळ्यात हा साचा अडखळतो. एप्रिल-मे महिन्यांत पीक निघून गेलेली काळी शेते कोरडी व उघडी असतात. दिवसा ती शेजारच्या शहराहूनही अधिक तापलेली दिसू शकतात. भारतीय शहरांविषयी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मान्सूनपूर्व उन्हाळ्यात बहुसंख्य शहरे दिवसा भोवतालच्या प्रदेशापेक्षा थंड आढळली. रात्री मात्र चित्र उलटले. लँडसॅट सकाळी दहाच्या सुमारास जातो, म्हणून रात्रीची ही बाजू त्याच्या नेहमीच्या प्रतिमांत उमटत नाही. त्याच नकाशावर सह्याद्रीचे जांभ्या दगडाचे सडे लालभडक, म्हणजे ‘उजाड’ दिसतात. पावसाळ्यात त्यांवर शेकडो जातींची फुले येतात. दख्खनच्या गवताळ माळरानांचीही हीच स्थिती आहे. अशा जागी वृक्षलागवड करा, असे केवळ मे महिन्याच्या तापमान-नकाशावरून सुचविले जाते, तेव्हा तेथे मेंढरे चारणाऱ्या धनगरांना विचारलेले नसते. १८७८ नंतर गायराने गेली तेव्हाही शेतकऱ्यांना विचारले नव्हते.