संविधान साक्षरता (वऱ्हाड)

राज्यघटनेतील हक्क व कर्तव्ये लोकांना उमजावीत यासाठी अमरावती-अकोला भागात चालणारे लोकशिक्षण. त्याची पाळेमुळे घटनेहून जुनी आहेत. १९२७ मध्ये अमरावतीत अंबादेवी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह गाजला. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष असताना पंजाबराव देशमुखांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. घटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख येतो. तो शिकवताना वऱ्हाडातल्या शिक्षकाला उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. पंजाबराव आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी हे दोघेही संविधान सभेचे सदस्य होते. १९३२ मध्ये पंजाबरावांनी स्थापलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेने बहुजनांच्या मुलांसाठी शाळा-महाविद्यालये काढली.

बालभारतीच्या पुस्तकांत सुरुवातीलाच उद्देशिका छापलेली असते. मुले ती परिपाठात एका सुरात म्हणतात. पाठांतर चोख होते, अर्थ मात्र बहुधा राहून जातो. २६ नोव्हेंबर हा संविधान दिन राज्यात २००८ पासून, तर देशभर २०१५ पासून पाळला जातो.

कर्तव्यांचा अनुच्छेद ५१-क हा १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आला. ६ ते १४ वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे अकरावे कर्तव्य २००२ मध्ये जोडले गेले. हक्क प्रत्यक्ष बजावण्याची जागा म्हणजे ग्रामसभा: पाणीपुरवठ्याचा खर्च, घरकुलांची यादी यांवर तिथे कोणताही मतदार उभा राहून सरपंचाला जाब विचारू शकतो.