खिशातले दप्तर



इतिहासाच्या व्याख्यानाला आपण येता ते एखादी लढाई, एखादा तह किंवा निदान एखादे राजघराणे ऐकावयास मिळेल ह्या अपेक्षेने. आज माझ्यापाशी ह्यातले काही नाही. मी ज्याचा इतिहास सांगणार आहे त्या वस्तूचे वजन अवघे १६० ग्रॅम. ती सदऱ्याच्या खिशात मावते. १९९६ साली ती जन्मास आली आणि २०११ साली तिच्या घराण्याचा शेवट झाला. पंधरा वर्षांची ही कारकीर्द पेशवाईच्या मानाने चिमुकलीच. तथापि इतक्या थोड्या काळात उदय, वैभव, फाटाफूट, पुनर्मीलन आणि अस्त हे सारे अध्याय पुरे झालेले घराणे विरळाच, म्हणून म्हटले की आपणांस सांगावे.

ह्या वस्तूला इंग्रजीत ऑर्गनायझर म्हणत. आपण तूर्त टिपणयंत्र म्हणू. पाम नावाचे असे एक यंत्र माझ्यापाशी २००० सालापासून आठ वर्षे होते. पुढे मोबाइल फोन हाती आला आणि ते माळ्यावर गेले. गेल्या पावसाळ्यात माळ्यावर गळू लागले म्हणून खोकी खाली काढली, तो हे सापडले. भिंतीवरच्या घड्याळात घालतो त्याहून बारीक असे दोन सेल त्यात घातले आणि कळ दाबली. यंत्र तत्काळ उजळले. पण आत काहीच नव्हते. कोपऱ्यांतील खुणांवर लेखणी टेकवा, असे ते मला एखाद्या नवख्यास सांगावे तसे सांगू लागले. ह्या यंत्राची स्मृती विजेच्या धारेवर जगते. सेल बदलावयास जेमतेम मिनिटभराची सवड मिळते. मी तर त्यास वर्षानुवर्षे उपाशी ठेवले होते. दोष सर्वस्वी माझा. पण त्या कोऱ्या पडद्याकडे पाहता पाहता मला प्रश्न पडला, की ज्याने आपले काम कधी चुकवले नाही ते यंत्र आपण टाकले का, आणि त्याला जन्म देणाऱ्यांनी तरी ते का टाकले?

टिपणयंत्राची कल्पना पामच्या आधीची. इंग्लंडात सायन कंपनीने १९८४ साली आपला ऑर्गनायझर काढला, आणि १९९१ पासून तिची छोट्या कळफलकाची यंत्रे युरोपात चांगली खपली. अमेरिकेत ॲपलचे प्रमुख जॉन स्कली ह्यांनी १९९२ साली ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’ हे भारदस्त नाव प्रचारात आणले आणि १९९३ च्या ऑगस्टात न्यूटन नावाचे यंत्र ६९९ डॉलरांस बाजारात मांडले. न्यूटनची प्रतिज्ञा मोठी होती: तुम्ही कसेही लिहा, मी वाचीन. ते वाचत असे, पण वाची ते भलतेच. एका गाजलेल्या व्यंगचित्रमालेने त्याची अशी काही टर उडवली की पुढे सुधारून आलेल्या न्यूटनलाही तो डाग पुसता आला नाही. १९९८ साली ॲपलने ते बंद केले.

जेफ हॉकिन्स ह्या गृहस्थांनी १९९२ साली पाम कंपनी काढली तेव्हा त्यांचीही पहिली उडी फसली. झूमर नावाचे त्यांचे यंत्र १९९३ साली आले आणि पडले. पडलेल्या माणसाने ज्यांनी आपला माल घेतला त्यांनाच जाऊन विचारावे, हे शहाणपण थोड्यांना सुचते. हॉकिन्सच्या मंडळींनी विचारले, आणि उत्तरातून त्यांस उमगले की लोकांना दुसरा संगणक नको आहे. संगणक त्यांच्या मेजावर आहेच. त्यांना हवी आहे खिशातली वही. आपली स्पर्धा संगणकाशी नाही, कागदाशी आहे!

मग हॉकिन्सने जे केले ते मला ह्या साऱ्या हकीकतीत सर्वांत मोलाचे वाटते. त्याने आपल्या घरी एक लाकडाचा तुकडा कापून खिशात मावेल एवढा केला, आणि तो आठवडेच्या आठवडे सदऱ्याच्या खिशात घालून हिंडला. बैठकीत कोणी पुढची भेट ठरवू लागले की हा लाकूड काढी आणि एका काडीने त्यावर लिहिल्यासारखे करी. लोक त्यास वेडा म्हणत असतील. पण आपल्याला दिवसातून किती वेळा काय लागते आणि काय मुळीच लागत नाही, हे त्या लाकडाने त्यास शिकवले. तो ठोकळा आज कॅलिफोर्नियातील संगणकांच्या इतिहासाच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे. आपल्याकडील संग्रहालयांत तलवारी असतात, त्यांबद्दल मला आदरच आहे. पण एखाद्या सुताराचा नमुनाही तेथे असावा असे मला नेहमी वाटत आले.

ठोकळ्यावरून अटी ठरल्या. खिशात मावले पाहिजे, २९९ डॉलरांत मिळाले पाहिजे, कागदाइतक्या झटकन उघडले पाहिजे, आणि एक कळ दाबताच मेजावरील संगणकाशी मिळते झाले पाहिजे. १९९६ च्या वसंतात पायलट नावाने यंत्र आले. लहान आवृत्तीत १२८ किलोबाइट स्मृती. आज भ्रमणध्वनीने काढलेल्या एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही. पडदा १६० ठिपके रुंद, १६० उंच, रंग नाही. खाली चार कळा: दिनदर्शिका, पत्ते, करावयाची कामे आणि टिपणे. रॉब हैतानी नावाचे रचनाकार प्रत्येक कामाला किती टिचक्या लागतात ते मोजत आणि एक जास्त झाली की कमी करावयास बसत. दहाच्या ओळीवर लेखणी टेकवा आणि लिहू लागा. दहाची भेट नोंदली गेली. ‘जतन करा’ अशी आज्ञाच नाही, कारण कागदाला आपण अशी आज्ञा कधी देत नाही. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी विंडोजची एक लहानखुरी आवृत्ती हातातील यंत्रांसाठी काढली. तिच्यात पुष्कळ काही होते. आणि लोकांनी घेतला तो ज्यात थोडे होते तो पायलट.

आता लिपीचा विचार. न्यूटनने माणसाचे अक्षर जसेच्या तसे वाचण्याचा पण केला होता. हॉकिन्सने उलट बाजूने विचार केला. टंकलेखन शिकावयास माणूस महिने घालवतो, मग यंत्रासाठी अक्षरांची वळणे थोडी बदलावयास त्याची का हरकत असावी? त्याने ग्राफिटी नावाची लिपी बसवली. तिच्यात जवळजवळ प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एका फटकाऱ्यात लिहावयाचे. ‘ए’ची मधली आडवी रेघ गेली, राहिले उलटे ‘व्ही’. ‘टी’ म्हणजे डावीकडून उजवीकडे जाऊन खाली वळलेला फटकारा, आणि तोच उजवीकडून सुरू केला की ‘एफ’.

हे ऐकताच आपल्यापैकी जे दप्तरांत वावरले आहेत त्यांस मोडी आठवली असेल. हेमाडपंताने मोडी लंकेहून आणली ही दंतकथा बाजूला ठेवू. पण आधी सबंध शिरोरेघ ओढून घेऊन तिच्याखाली हात न उचलता लिहीत जाणे, वेगासाठी अक्षरे मोडणे, ऱ्हस्वदीर्घाचा भेद सोडून देणे, हे सारे कारकुनाच्या हाताची सोय पाहून झाले. वाचणाऱ्याला जरा त्रास, लिहिणाऱ्याला वेग. दोहोंमध्ये वंशसंबंध काडीचाही नाही, हे मी स्पष्ट सांगतो. नाही तर उद्या कोणी मोडीवरूनच अमेरिकनांनी ग्राफिटी उचलली असा शोध जाहीर करील! उचलल्याचा आरोप झाला खरा, पण तो झेरॉक्स कंपनीने केला. तिच्या संशोधनकेंद्रात डेव्हिड गोल्डबर्ग ह्यांनी एका फटकाऱ्याची अक्षरे आधीच रचली होती. १९९७ साली खटला उभा राहिला आणि २००६ साली २ कोटी २५ लाख डॉलर देऊन मिटला. दरम्यान २००३ साली पामने लिपीच बदलली. नव्या लिपीत ‘आय’, ‘टी’, ‘के’ ह्यांस पुन्हा दोन फटकारे लागू लागले. ज्यांचा हात पहिल्या लिपीला बसला होता त्यांच्या मनाला हे किती लागले असेल, ते मोडी सुटून बाळबोध गळ्यात पडलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांस विचारावयास हवे होते.

लिपीपेक्षा मोठे संकट पैशाचे होते. पाम कंपनी १९९५ साली यू.एस. रोबोटिक्सच्या आणि १९९७ साली त्या कंपनीसह थ्रीकॉमच्या ताब्यात गेली. पामला स्वतंत्र होऊ द्या, ही विनंती मान्य होईना, तेव्हा हॉकिन्स आणि त्यांच्या सहकारी डोना डुबिन्स्की १९९८ साली बाहेर पडले आणि त्यांनी हँडस्प्रिंग ही दुसरी कंपनी थाटली. मग २ मार्च २००० रोजी थ्रीकॉमने पामचे सुमारे ५ टक्के भाग लोकांस विकावयास काढले. ३८ डॉलरांचा भाग त्या एका दिवसात १६५ पर्यंत चढला आणि ९५ वर मिटला. त्या संध्याकाळी पामची एकूण किंमत तिच्या मालकीणीच्या किमतीहून अधिक भरली, आणि मालकीणीपाशी अजून पामचे ९५ टक्के भाग होते! हे गणित कोणत्याही वाण्याच्या पोराला चुकीचे दिसेल. अर्थशास्त्राच्या पंडितांनी त्यावर पुढे निबंध लिहिले. वर्षभराने तोच भाग १० डॉलरांच्याही खाली होता.

मला वाटते, घराण्याचे खरे मरण त्या दिवशीच्या भावात होते. खिशातली वही एकदा चांगली झाली की ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागत नाही. पण ज्याने १६५ डॉलर मोजले त्याला दर वर्षी नवे काही हवे असते. जे यंत्र आपण काय करणार नाही हे ठरवून थोर झाले, त्यास आता सर्व काही करा असा हुकूम झाला. अर्थात दुसरीही बाजू आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. खिशात वही एक आणि फोन एक, अशी दोन ओझी वागवावयास लोक कंटाळले होते, आणि हे हॉकिन्सनेही ओळखले. हँडस्प्रिंगने २००२ साली ट्रिओ हा दोहोंचा जोड काढला. २००३ साली दोन्ही पाती एकत्र आली, २००७ साली आयफोन आला, २०१० साली एचपीने १२० कोटी डॉलरांस पाम विकत घेतली, आणि २०११ च्या ऑगस्टात हे घर बंद केले. पामने शेवटी रचलेली वेबओएस ही प्रणाली आज एलजीच्या दूरदर्शन संचांत नांदते; हा वंशविस्तार कोणाच्या स्वप्नात आला नसेल.

आता माझ्या यंत्राकडे परत येतो. महिनाभर ते पुन्हा खिशात वागवले. पहिल्या दिवशी ‘के’ काही केल्या उमटेना. तिसऱ्या दिवशी मन विसरले होते ते हाताला आठवले. फोनवर एखादा पत्ता पाहावयास जावे आणि वीस मिनिटांनी भलतेच काही वाचून पत्त्याविना परतावे, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. ह्या यंत्रात पत्त्यावाचून दुसरे काही भेटतच नाही. मात्र त्याची दिनदर्शिका १९०४ साली सुरू होते आणि २०३१ च्या अखेरीस संपते, कारण वर्ष मोजावयास त्यात जेवढी जागा ठेवली तेवढीत १२८ हून अधिक वर्षे मावत नाहीत. त्यापुढील भेट त्यात ठरवता येत नाही. माझ्या वयाला ती अडचण फारशी जाणवत नाही इतकेच.

यंत्र मेजावरील संगणकाशी मिळते होत असे, हे मघाशी सांगितले. तो जुना संगणक घरात होता. नातवाने तो दोन दिवस खटपट करून सुरू केला, बैठकीची तार जोडली, कळ दाबली. आणि २००८ साली जे जसे होते तसे सारे यंत्रात परत आले. पत्ते वाचू लागलो. दर चार-पाच नावांमागे एक माणूस आता नाही. मग कामांची यादी उघडली. ज्या कामाची मुदत टळली त्याच्या तारखेपुढे हे यंत्र एक उद्गारचिन्ह काढते. यादीत तसे एकच काम उरले होते, रोमन अक्षरांत मराठी लिहिलेले: काकांना विचारणे, घरच्या रुमालातील मोडी कागदांवर साक्ष घातलेला गृहस्थ कोण. मुदत २००८ च्या मे महिन्यातली. काका त्या वर्षीच्या दिवाळीनंतर गेले. यंत्राने मला आठवण द्यावयाची ती दिली होती. मी त्या सुमारास नवा फोन शिकत होतो.

तो रुमाल आता एका मोडी वाचकाकडे दिला आहे. त्यांच्या हातून बारा कागद वाचून झाले. साक्षीचे नाव लागले, पण तो गृहस्थ आमचा कोण, ते कागदात नाही.